जग तेव्हा होते: ‘रेड सेक्टर ए’ या गाण्यातला प्रश्न आणि इतिहासाचे उत्तर

(१)
एप्रिल १९८४ मध्ये ‘रश’ या कॅनडातील रॉकसमूहाचा ‘ग्रेस अंडर प्रेशर’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यात ‘रेड सेक्टर ए’ नावाचे सुमारे पाच मिनिटांचे एक गाणे आहे. तारेच्या कुंपणाआड अडकलेला एक कैदी ते गातो. उपासमार, आजार, पहारेकऱ्यांच्या गोळ्या आणि मोजदाद हरवलेले दिवस एवढेच त्याचे जग. वडील आणि भाऊ गेले आहेत. आई जिवंत आहे, पण आधाराशिवाय तिला ताठ उभे राहवत नाही. अखेर दाराशी बंदुकांचे आवाज येतात. सुटका आली की मरण, हे त्याला उमगत नाही. गाणे थांबते ते एका प्रश्नाशी: साऱ्या मानवजातीत आता आपणच तेवढे उरलो आहोत काय?

(२)
चार दशके हे गाणे जगण्याच्या जिद्दीचे स्तोत्र म्हणून ऐकले जात आहे. ते तसे ऐकणे स्वाभाविक आहे, पण अपुरे आहे. गाण्याचा गाभा जिद्दीत नसून त्या शेवटच्या प्रश्नात आहे. तो प्रश्न कल्पनेतून आलेला नाही; १९४५ च्या वसंतात एका खऱ्या छावणीतील एका खऱ्या तरुणीच्या मनात तो होता. त्याचे उत्तर गाण्यात नाही, ते इतिहासात शोधावे लागते. आणि सापडते तेव्हा ते दिलासा देत नाही. या धाग्याचा विषय ते उत्तर आहे.

(३)
आधी शीर्षक. १२ एप्रिल १९८१ रोजी ‘कोलंबिया’ हे अंतराळयान पहिल्यांदा झेपावले, तेव्हा रशचे तिघेही कलावंत फ्लोरिडातील तळावर उपस्थित होते. निमंत्रित प्रेक्षकांसाठी आखलेल्या ज्या विभागातून त्यांनी ते उड्डाण पाहिले, त्याचे नाव ‘रेड सेक्टर ए’. मानवी बुद्धीचे एक शिखर पाहण्याची ही जागा. तिचेच नाव तीन वर्षांनी एका छळछावणीला दिले गेले. नाव कोरडे आहे, कारकुनी आहे. कोणत्याही नकाशावर, कोणत्याही फाटकावर ते शोभेल. छावण्याही अशाच कोरड्या नावांनी, यादी-क्रमांकांनी आणि रेल्वेच्या वेळापत्रकांनी चालत असत.

(४)
गाण्याचे शब्द समूहाचा ड्रमवादक नील पिअर्ट याचे. आवाज गेडी ली याचा. गेडीचे जन्मनाव गॅरी ली वाइनरिब, जन्म १९५३ चा, टोरांटोचा. पोलंडहून आलेली त्याची आई ‘गॅरी’ हे नाव आपल्या यिद्दिश वळणाने उच्चारी, ते मित्रांच्या कानाला ‘गेडी’ असे ऐकू येई. तेच पुढे जगप्रसिद्ध झाले. ही आई म्हणजे मान्या रुबिनस्टाइन. बर्गन-बेल्सन येथील सुटकेविषयी तिने मुलाला जे सांगितले, त्यातून या गाण्याचे बीज पडले. पिअर्टने छावण्यांतून वाचलेल्या इतरांचे अनुभवही वाचले होते. आपण जगातील शेवटची माणसे आहोत, असे त्यांतील काहींना वाटत होते, ही गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली.

(५)
मान्याचे गाव मध्य पोलंडमधील व्येझ्बनिक, स्तारखोवित्से या कारखानदार शहराला लागून असलेले. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी तेथील ज्यूंना बाजारचौकात गोळा करण्यात आले. काम करू शकतील असे सुमारे सोळाशे स्त्री-पुरुष वेगळे काढले गेले. उरलेल्या सुमारे चार हजारांना त्याच दिवशी गाडीत कोंबून ट्रेब्लिंका या मृत्युछावणीकडे पाठवले गेले. वेगळे काढलेले लोक युद्धसाहित्य बनवणाऱ्या कारखान्यांच्या श्रमछावण्यांत गेले. मान्या त्यांत होती. मॉरिस वाइनरिब हा तरुण तिला तेथेच भेटला. ही तारीख लक्षात ठेवावी; पुढे तिची गरज पडेल.

(६)
जुलै १९४४ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा जवळ आल्या, तशा स्तारखोवित्सेच्या छावण्या मोडल्या गेल्या आणि कैद्यांची रवानगी आउश्वित्झला झाली. तेथून मॉरिस पुढे डाखाउला नेला गेला आणि मान्या बर्गन-बेल्सनला. श्रमछावणी, मग मृत्युछावणी, मग उत्तर जर्मनीतील ही तिसरी छावणी. पूर्वेची आघाडी मागे सरकत होती, आणि नाझी यंत्रणा आपल्या कैद्यांना जर्मनीच्या पोटात खेचत होती. बर्गन-बेल्सनचा शेवटचा अध्याय या खेचाखेचीतून घडला.

(७)
बर्गन-बेल्सन ही मुळात युद्धकैद्यांची छावणी. १९४३ मध्ये तिचा एक भाग एसएसने घेतला. परदेशांत अडकलेल्या जर्मनांच्या बदल्यात देता येतील असे ज्यू तेथे ठेवण्यात आले. तेथे वायुकक्ष नव्हते. तरीही तेथील छळछावणीत सुमारे ५२ हजार माणसे मेली. डिसेंबर १९४४ मध्ये कैद्यांची संख्या सुमारे पंधरा हजार होती; एप्रिलच्या मध्यास ती साठ हजारांच्या घरात पोहोचली. अन्न, पाणी, शौचालये, औषधे यांत मात्र त्या प्रमाणात वाढ झाली नाही. एकट्या मार्च १९४५ मध्ये अठरा हजारांहून अधिक मृत्यू झाले. अ‍ॅन फ्रँक आणि तिची बहीण मार्गोट त्याच वर्षी, सुटकेच्या काही आठवडे आधी, तेथेच गेल्या.

(८)
टायफस हा उवांतून पसरणारा ज्वर. आपल्याकडील टायफॉइडशी त्याचे नावापुरतेच साम्य. त्या रोगाच्या धास्तीने १२ एप्रिल रोजी जर्मन आणि ब्रिटिश सेनांनी छावणीभोवतालच्या सुमारे ४८ चौरस किलोमीटर परिसरात लढाई न करण्याचा करार केला. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य आत शिरले. कॅप्टन डेरिक सिंग्टन ध्वनिक्षेपक लावलेल्या गाडीतून फिरत घोषणा करत होता: तुम्ही मुक्त झाला आहात, पण साथ पसरू नये म्हणून अद्याप छावणी सोडता येणार नाही. सैनिकांना हजारो प्रेते उघड्यावर पडलेली दिसली. गाण्यातील कैद्याला दाराशी आलेला आवाज आशेचा की भीतीचा हे कळत नाही. प्रत्यक्षातील घोषणेतही ही दोन्ही अंगे होती.

(९)
त्या क्षणी मान्याला काय वाटले? गेडी लीने सांगितल्यानुसार, आईला ही सुटका खरीच वाटेना. छावणीबाहेर समाज नावाचे काही शिल्लक असते तर त्याने हे घडू दिलेच नसते. ज्या अर्थी हे घडले, त्या अर्थी बाहेरचा समाज नष्ट झालेला असणार, असे ती धरून चालली होती. वरवर पाहता हा भुकेने आणि तापाने पोळलेल्या मनाचा भ्रम वाटेल. बारकाईने पाहिले तर तो सरळ तर्क आहे. त्याची बैठक माणसावरील विश्वासाची आहे. तर्काची रीत बिनचूक होती. चुकीचे होते ते गृहीतक. जग आहे म्हणजे ते थांबवील, हे गृहीतक.

(१०)
जिद्दीच्या वाचनाला पहिला अडथळा येतो तो येथे. जगण्याची इच्छा हीच वाचण्याची किल्ली असे म्हटले, की मेलेल्यांच्या माथी नकळत एक दोष चिकटतो: त्यांची इच्छा कमी पडली. मार्चमध्ये मेलेल्या अठरा हजारांच्या मनाचा ठाव कोण घेणार? टायफस कोणाची इच्छाशक्ती तपासत नाही. कोणती बराक मिळाली, कोणत्या दिवशी ताप भरला, पाण्याची तोटी कधी बंद पडली यांवर आयुष्ये ठरली. गाणेही या बाबतीत आपल्या चाहत्यांपेक्षा अधिक सावध आहे. ते मेलेल्यांना दुबळे म्हणत नाही, दुर्दैवी म्हणते.

(११)
जिद्द मुळीच नव्हती, असे कोणी म्हणू नये. पण ती क्वचितच एकट्याची असे. गाण्यातील कैदी स्वतःच्या ताकदीविषयी काही बोलत नाही. आईला ताठ उभे करण्याची चिंता करतो. हा तपशील भावनेसाठी घातलेला वाटेल, पण छावणीच्या व्यवहारात तो नेमका बसतो. तासन् तास चालणाऱ्या हजेरीत जो कोसळे, तो कामास अयोग्य ठरे, आणि निवडीच्या वेळी अयोग्य ठरणे म्हणजे मरण. शेजारणीच्या कोपराखाली दिलेला हात हा तेथे जीवन-मरणाचा प्रश्न होता. मान्याची आईही त्या छावण्यांतून वाचली आणि पुढे नातवंडांच्या सहवासात राहिली.

(१२)
दुसरा अडथळा सुटकेनंतरच्या आकड्यांचा. १५ एप्रिलनंतरही बर्गन-बेल्सनमध्ये तेरा हजारांहून अधिक माणसे मेली. सैनिकांनी कळवळ्याने दिलेले डबाबंद मांस आणि दूध उपाशी आतड्यांना झेपले नाही. मग डॉक्टरांनी दुधाची भुकटी, पीठ, साखर आणि मीठ यांचे मिश्रण वापरून पाहिले. त्याचे नाव ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ते तयार झाले होते. ते इतके गोड होते, की पूर्व युरोपातील अनेक रुग्णांना गिळवेना. एकाच युद्धाच्या काळात, दोन खंडांत, उपासमारीने मरणाऱ्यांसाठी एकच वाडगा फिरत होता. मुक्तीचा दिवस दिनदर्शिकेवर एक असतो. शरीराला मुक्त व्हायला त्यानंतर आठवडे लागतात, आणि अनेकांना तेवढा अवधी मिळत नाही.

(१३)
आता या गाण्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप. त्यात ज्यू हा शब्द नाही, जर्मनी नाही, १९४५ नाही. नावे पुसली, की नरसंहाराची ‘मानवी दुःख’ अशी मोघम गोष्ट होते आणि गुन्हेगारही बेनाम होतो. पिअर्टने हे जाणूनबुजून केले होते. प्रसंग एका स्थळकाळातून मोकळा करून माणसे त्याला कशी सामोरी जातात ते पाहावे, असा त्याचा हेतू होता. तरीही आक्षेप उरतो. बर्गन-बेल्सन आपोआप घडले नाही. ते विशिष्ट राज्यसत्तेने, विशिष्ट समूहांविरुद्ध, विशिष्ट माणसांच्या सह्यांनी घडवले. तेथील कमांडंट योझेफ क्रामर याच्यावर ल्युनेबुर्ग येथे खटला चालला आणि डिसेंबर १९४५ मध्ये त्याला फाशी झाली. या गुन्ह्याला नाव आणि पत्ता होता.

(१४)
या आक्षेपाला एक कडवट पार्श्वभूमीही आहे. रशने १९७६ च्या ‘२११२’ या अल्बमवर लेखिका आयन रँडचे ऋण नोंदवले होते. त्यावरून १९७८ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या ब्रिटिश साप्ताहिकाने समूहाच्या विचारांत फॅसिझमची छटा पाहिली आणि आउश्वित्झच्या फाटकावरील वाक्याची आठवण काढली. ज्याचे आईवडील आउश्वित्झमध्ये कैदेत होते, त्या गायकाविषयी हे लिहिले गेले. रँडच्या विचारांवर टीका करण्याला पुष्कळ वाव आहे. पण सहज सुचलेली उपमा म्हणून आउश्वित्झ वापरता येते, हे त्या लेखाने दाखवून दिले. नावे पुसल्याने जसा इतिहास निसटतो, तसा नावे उधळल्यानेही निसटतो.

(१५)
तरीही नावांच्या अभावाची एक बाजू मान्य करावी लागते. छावणीतील माणसाजवळ नकाशा नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, बहुतेकांजवळ घड्याळही नव्हते. आघाडी कोठे आहे, कोण जिंकते आहे, महिना कोणता, हे त्याला ऐकीव कुजबुजीतून कळे किंवा कळत नसे. गाणे त्या माणसाच्या दृष्टीच्या पलीकडे पाऊल टाकत नाही. म्हणून शेवटचा प्रश्न नाटकी वाटत नाही. त्याला खरोखरच उत्तर ठाऊक नसते. पण ऐकणाऱ्याला ही सवलत नाही. कैद्याचे अज्ञान त्याच्यावर लादलेले होते. श्रोत्याने ते तसेच ठेवले, तर ती त्याची स्वतःची निवड ठरते.

(१६)
तेव्हा बाहेरच्या जगात काय चालले होते? सुटकेनंतर बीबीसीचा वार्ताहर रिचर्ड डिंबलबी छावणीत गेला. त्याने पाठवलेला वृत्तांत इतका भीषण होता, की बीबीसीही तो प्रसारित करताना आधी कचरली. १९ एप्रिलला तो लोकांनी ऐकला. येथे दोन अविश्वास समोरासमोर उभे आहेत. आतल्या स्त्रीला बाहेर जग आहे हे खरे वाटेना, आणि बाहेरच्या जगाला आत ही छावणी आहे हे खरे वाटेना. या टप्प्यावर कथा थांबवली, तर कोणीच दोषी ठरत नाही; दोन्हीकडे नुसते अज्ञान होते असे म्हणून मोकळे होता येते. पण कागदपत्रे वेगळे सांगतात.

(१७)
व्येझ्बनिकची ती तारीख आता आठवावी: २७ ऑक्टोबर १९४२. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच १० डिसेंबरला पोलंडच्या निर्वासित सरकारने ज्यूंच्या सामूहिक हत्येविषयी दोस्त राष्ट्रांना अधिकृत टिपण दिले. १७ डिसेंबरला अकरा दोस्त सरकारांच्या आणि फ्रेंच राष्ट्रीय समितीच्या वतीने जाहीर निवेदन निघाले. ज्यूंचा पद्धतशीर संहार चालू आहे, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. अँथनी ईडन यांनी ते ब्रिटिश संसदेत वाचले, आणि सदस्य काही क्षण स्तब्ध उभे राहिले. एप्रिल १९४३ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावर ब्रिटन आणि अमेरिका यांची बर्म्युडा येथे परिषद झाली. तिच्यातून हाती लागण्यासारखे जवळजवळ काहीच निघाले नाही.

(१८)
दोस्त राष्ट्रांचे म्हणणे असे होते, की युद्ध लवकर जिंकणे हाच सुटकेचा खरा मार्ग. या म्हणण्यात तथ्य होते. बर्गन-बेल्सनचे फाटक अखेर सैन्यानेच उघडले. पण निर्वासितांसाठी आपली दारे किंचित किलकिली करण्याला रणगाडे लागत नव्हते. तेवढेही पुरेसे झाले नाही. ‘जगाला माहीत नव्हते’ हे वाक्य म्हणूनच काळजीपूर्वक वापरले पाहिजे. मान्या स्तारखोवित्सेच्या कारखान्यात राबत होती, तेव्हा तिच्या लोकांचे काय होत आहे हे लंडन, वॉशिंग्टन आणि मॉस्को येथून एकाच दिवशी जाहीर झाले होते.

(१९)
युद्धानंतरही ऐकणारे सर्वत्र भेटले नाहीत. स्तारखोवित्से येथील जर्मन पोलीसप्रमुख वाल्टर बेकर याच्यावर हाम्बुर्गमध्ये खटला चालला. वाचलेल्यांनी साक्षी दिल्या. न्यायालयाने त्या विश्वासार्ह मानल्या नाहीत आणि १९७२ मध्ये तो निर्दोष सुटला. या निकालाने अस्वस्थ झालेल्या ख्रिस्तोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने त्याच छावण्यांतील २९२ जणांच्या साक्षी पडताळल्या आणि २०१० मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. एखादी तारीख चुकते, एखादा चेहरा दुसऱ्यात मिसळतो. पण साक्षी शेजारी शेजारी ठेवल्या, की घटनेचा गाभा ठाम उभा राहतो, हे त्याने दाखवले. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी हा खटला आणि हा ग्रंथ एकत्र पाहावा. आठवण सदोष आहे म्हणून ती फेकून देणे हा काटेकोरपणा नव्हे, आळस आहे.

(२०)
मान्याची समजूतही अशीच वाचायला हवी. बाहेर जग उरलेले नाही, हे विधान म्हणून चूक होते. पुरावा म्हणून ते अमूल्य आहे. छावणी माणसाला भूगोलापासून, बातमीपासून, काळापासून किती तोडते याचा तो पुरावा. आणि त्याहून अधिक, त्या स्त्रीच्या मनात ‘समाज’ या शब्दाचा अर्थ काय होता याचाही. तिच्या लेखी असला गुन्हा चालू देणारा समाज हा समाजच नव्हे. १९४२ च्या निवेदनाच्या सह्या आणि बर्म्युडाचे रिकामे हात या व्याख्येसमोर ठेवले, की ती भ्रमात होती की बाहेरचे जग, असा प्रश्न उलटा उभा राहतो.

(२१)
मॉरिस डाखाउमधून सुटला, मान्याला शोधत निघाला आणि बर्गन-बेल्सनजवळच्या विस्थापितांच्या छावणीत ती त्याला सापडली. १९४६ मध्ये तेथेच त्यांचे लग्न झाले. पुढे ते कॅनडात गेले. मुलगा बारा वर्षांचा असताना मॉरिस वारला. मान्याने दुकान चालवून मुले वाढवली आणि २०२१ मध्ये, ९५ व्या वर्षी, ती गेली. गेडी ली जगभर बास गिटारसाठी ओळखला जातो, पण ‘रेड सेक्टर ए’मध्ये बास गिटार नाही, तो सिंथेसायझर वाजवतो आणि गातो. आईच्या तोंडचा प्रश्न मुलाच्या आवाजात येतो.

(२२)
हे गाणे पुन्हा ऐकताना पुसलेली नावे आपल्या बाजूने भरावीत: व्येझ्बनिक, स्तारखोवित्से, ट्रेब्लिंका, आउश्वित्झ, बर्गन-बेल्सन. आणि शेवटच्या प्रश्नाला गप्प राहू नये. उरलेली माणसे तुम्हीच केवळ नव्हता. बाहेर संसदा भरत होत्या, वर्तमानपत्रे निघत होती, परिषदा होत होत्या. जग होते, आणि त्यातल्या अनेकांना माहीत होते. आज कोठल्याही कुंपणाआडची बातमी त्याच दिवशी हाती येते. ती न कळल्याची सबब तर उरलेलीच नाही.